तीन काटे, एक सर्व्हर: जोडणीच्या नोंदी

१६ डिसेंबर २०२४

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला चादरी-टॉवेलचा कारखाना. मालकांचा फोन आला होता, "कॉम्प्युटर गुरगुरतोय, येऊन बघून जा." गुरगुरत होती हार्ड डिस्क. मशीनवर सिस्टिम व्ही रिलीज ४ च्या घराण्यातलं युनिक्स, १९९८ पासून तेच. मदरबोर्ड दोनदा बदललाय, वीजपुरवठ्याचा डबा (एसएमपीएस) किती वेळा ते कुणाला आठवत नाही, सॉफ्टवेअरला मात्र कुणी हात लावलेला नाही.

कारखान्यात तीन वजनकाटे आहेत. एक सुताच्या गोदामात, एक विणाईच्या शेडला लागून, एक पॅकिंगमध्ये. प्रत्येक काट्याशेजारी एक पीसी. गाठ काट्यावर चढली, आकडा स्थिर झाला, की तो पीसी ६४ बाइटची एक नोंद ऑफिसातल्या मशीनकडे पाठवतो. लॉट, वजन, वेळ, पाळी. तिकडून छोटी पावती परत येते. एवढ्यावर सव्वीस वर्षं माल मोजला गेलाय.

ठरलं ते असं की सगळं लिनक्सवर न्यायचं, काट्यांना तीन छोटे नवे पीसी घ्यायचे. मालकांची अट एकच: काट्यावरच्या माणसाला काही बदललंय हे कळता कामा नये. सोर्स कोड सीमध्ये आहे आणि डिस्कवर शाबूत आहे. आज फक्त त्याची प्रत काढली. डिस्क पुन्हा चालू होईल की नाही या धास्तीने मशीन बंदच केलं नाही.

१७ डिसेंबर

डेबियन १२ वर पहिलं कंपाइल. पहिल्याच ओळीला अडलं. टीआययूजर डॉट एच नावाची हेडर फाइल सापडत नाही म्हणे. सापडणार कुठून? कोडभर टी_ओपन, टी_बाइंड, टी_कनेक्ट. सॉकेट, म्हणजे आजच्या प्रोग्रामांची नेटवर्कवर जोडणी करायची नेहमीची पद्धत, हा शब्द औषधालासुद्धा नाही.

१८ डिसेंबर

दिवसभर वाचन. सॉकेट १९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२ बीएसडीतून आले. एटी अँड टीने सिस्टिम व्ही रिलीज ३ मध्ये आपला वेगळा संसार थाटला, त्याचं नाव ट्रान्सपोर्ट लेअर इंटरफेस, टीएलआय. त्या काळात ओएसआय या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रोटोकॉल (मशीनांनी एकमेकांशी बोलायचे नियम) येणार आणि आज इंटरनेट ज्यावर चालतं तो टीसीपी मागे पडणार असं पुष्कळ जाणत्या माणसांना वाटत होतं. त्यामुळे टीएलआय कुठल्याच प्रोटोकॉलशी लग्न लावत नाही. पत्ता म्हणजे नेमकं काय हेही त्याला माहीत नसतं. त्याच्या लेखी पत्ता म्हणजे नेटबफ नावाची एक पिशवी: आत काही बाइट, किती भरलेत तो आकडा, किती मावतात तो आकडा.

जोडणी कशी होते ते कोडवरून उतरवून ठेवतो, नाहीतर उद्या विसरेन.

टी_ओपनला /डेव्ह/टीसीपी हे उपकरणाचं नाव द्यायचं. म्हणजे प्रोटोकॉलची निवड फाइलच्या नावाने. मग टी_बाइंड, आणि ते क्लायंटनेही करायचंच. सॉकेटमध्ये क्लायंट बाइंड न करता सरळ कनेक्ट म्हणतो, इथे ती सोय नाही. पत्त्याच्या जागी नल, म्हणजे रिकामं, दिलं की खालचा थर कुठलाही मोकळा पत्ता देतो. मग टी_अलॉकने निरोपाचा साचा घ्यायचा. त्यात समोरच्याचा पत्ता, पर्याय आणि जोडणीबरोबरच पाठवायचा मजकूर असे तीन कप्पे. तिसरा कप्पा टीसीपीत चालत नाही, तो रिकामा ठेवायचा. शेवटी टी_कनेक्ट.

चूक झाली की टी_एररनो बघायचा. त्यात टीलुक हा आकडा दिसला तर त्याचा अर्थ, "जोडणीवर काहीतरी घडलंय, आधी ते बघ." मग टी_लुकने विचारायचं काय घडलं. समोरच्याने तोडलं? नवीन कुणी आलं? की समोरचा रीतसर निघालाय?

प्रत्येक जोडणीला एक अवस्थाही असते: बांधलेली नाही, रिकामी, बाहेर विनंती गेलेली, माल वाहतेय, निघण्याच्या बेतात. टी_गेटस्टेटने ती केव्हाही विचारता येते. हे मला मनापासून आवडलं. सॉकेटमध्ये आपली जोडणी नेमकी कुठल्या पायरीवर आहे हे पुष्कळदा आपल्यालाच धरून चालावं लागतं.

१९ डिसेंबर

जुन्या मशीनवर ट्रस, म्हणजे प्रोग्राम कर्नलकडे (सिस्टिमच्या गाभ्याकडे) काय काय मागतो ते दाखवणारं हत्यार, लावून चालता प्रोग्राम पाहिला. टी_कनेक्ट कुठे दिसतच नाही! दिसतात ते आयओक्टल, पुटमेसेज, गेटमेसेज. टीएलआय ही नुसती लायब्ररी आहे, खाली सगळा कारभार स्ट्रीम्सचा, म्हणजे कर्नलमधल्या निरोप वाहणाऱ्या यंत्रणेचा. लायब्ररी विनंतीची चिठ्ठी लिहून कर्नलमध्ये टाकते आणि उत्तराच्या चिठ्ठीची वाट बघते.

पॅकिंगचे मुकादम अण्णा मागे येऊन उभे. "काय बे, काय वाचायलास एवढं?" म्हटलं, "अण्णा, तुमचा काटा ऑफिसशी काय बोलतो ते ऐकतोय." "तो काय बोलतो, आम्ही ओरडल्याशिवाय इथं काय हलत नाही."

२१ डिसेंबर

आज सर्व्हरची बाजू. जुन्या कोडमध्ये नवीन काट्याला आत घ्यायला चाळीसेक ओळी आहेत. टी_लिसनने विनंती घ्यायची, टी_ओपन आणि टी_बाइंड करून नवं दार तयार ठेवायचं, मग टी_अ‍ॅक्सेप्टने ती विनंती त्या दाराशी जोडायची. मध्येच दुसऱ्या काट्याची विनंती आली तर टी_अ‍ॅक्सेप्ट अडून बसतो आणि टीलुक देतो. म्हणून आधी रांगेतल्या सगळ्या विनंत्या टी_लिसनने उपसून एका यादीत ठेवायच्या, प्रत्येकीचा अनुक्रमांक सांभाळायचा, आणि मग एकेकीला आत घ्यायचं. लिहिणाऱ्याने या जागी नक्की केस उपटले असणार.

सॉकेटमध्ये या सगळ्याच्या जागी एक ओळ: अ‍ॅक्सेप्ट. रांग कर्नल सांभाळतो. चाळीस ओळी खोडल्या आणि चहा प्यायलो.

खोडण्याची चटक लागते. टी_लुकच्या फांद्या गेल्या. शेवटी निरोप_घ्या नावाचं एक फंक्शन होतं. टी_सेंडरेल, मग टी_रिसीव्हरेलची वाट, मग टी_क्लोज. सॉकेटला क्लोज म्हटलं की झालं. तेही खोडलं. पूर्ण_वाच ठेवलं. टीसीपीत नोंदींच्या सीमा नसतात, ६४ बाइट कधी दोन तुकड्यांत येतात, तेव्हा पूर्ण ६४ होईतो फिरत राहणारं ते चक्र लागणारच. हाय_का हेसुद्धा ठेवलं. दर मिनिटाला ऑफिस काट्याला विचारतं, हाय का, आणि काटा सांगतो, हाय. नाव बघूनच ठेवलं.

२६ डिसेंबर

नवा क्लायंट, नवा सर्व्हर, माझ्या टेबलावर दोन पीसी. कनेक्शन रिफ्यूज्ड. तासभर तारा तपासल्या.

जुन्या कोडमध्ये पत्ता बाइटच्या माळेने लिहिलाय, त्यात पोर्टचे दोन बाइट हेक्समध्ये १४ आणि १ई. म्हणजे ५१५०. मी क्लायंटमध्ये सरळ ५१५० लिहिलं, बाइट नेटवर्कच्या क्रमात लावून देणारं एचटॉन्स लावायचं राहिलं. इंटेलवर ते बाइट उलटे पडले, १ई १४, म्हणजे ७७००. सर्व्हर ५१५० वर कान लावून बसलेला आणि क्लायंट ७७०० चं दार ठोठावतोय. कॉलेजात हा प्रश्न मी पाच मार्कांना सोडवलेला आहे.

३० डिसेंबर

कारखान्यात पहिली चाचणी. गोदामाचा काटा लगेच जोडला गेला. विणाईचा गोठला. पडदा ढिम्म, काट्यावर सुताचा बोजा, मागे हमाल उभा. दोन मिनिटांनी टाइमआउट. नवीन सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये त्या पीसीचा पत्ता घालायचा राहिला होता.

जोडणी न होण्याचे तीन प्रकार आज एकाच दिवशी बघितले. समोर मशीन आहे पण पोर्टवर कुणी नाही, तर तिकडून आरएसटी, म्हणजे जोडणी तोडणारं पाकीट, येतो आणि कनेक्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत नकार देतो. मशीनच बंद आहे, आपल्याच नेटवर्कवरचं, तर "हा पत्ता कोणत्या मशीनचा" असं विचारणाऱ्या एआरपीला उत्तर मिळत नाही आणि तीनेक सेकंदांत नो रूट टू होस्ट. आणि फायरवॉलने पाकीट गुपचूप गिळलं, तर लिनक्स सिन, म्हणजे जोडणीच्या विनंतीचं, पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. एक सेकंद थांबून, मग दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. बेरीज १२७ सेकंद. नकार परवडला, हे मौन परवडत नाही.

फायरवॉल सुधारली ती सुधारलीच, पण कनेक्टही न अडणारा केला. सॉकेट नॉन-ब्लॉकिंग, कनेक्ट लगेच "चालू आहे" सांगून परततो, मग पोलमध्ये पाच सेकंद वाट, शेवटी एसओ_एरर, म्हणजे जोडणी जमली की काय चुकलं, ते विचारायचं. लिहिता येतं का एवढं बघून भागत नाही. जोडणी फसली तरी सॉकेट लिहिता येण्याजोगा दिसतो, म्हणून एसओ_एरर विचारणं सोडायचं नाही.

संध्याकाळी जुना कोड सहज चाळला. त्यानेही हेच केलंय. टी_ओपनलाच नॉन-ब्लॉकचा झेंडा, टी_कनेक्ट टीनोडेटा म्हणत परत येतो, मग उत्तर टी_रिसीव्हकनेक्टने घ्यायचं. हाही भाग मी २१ तारखेला फाफटपसारा म्हणून खोडला होता.

३ जानेवारी २०२५

सर्व्हर बंद करून लगेच चालू केला तर अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज. आधी बंद करणाऱ्या बाजूला टाइम-वेट, म्हणजे पत्ता थोडा वेळ अडकून राहणं, भोगावा लागतो, लिनक्सवर साठ सेकंद. बाइंडच्या आधी, तोच पत्ता पुन्हा वापरू देणारं एसओ_रीयूजअ‍ॅड्र लावलं. पाच मिनिटांचं काम.

७ जानेवारी

विणाईच्या पीसीच्या पंख्यात आठ दिवसांत एवढी तूस. जाळी शिवून घेतली, टॉवेलच्याच कापडाची. शिलाई खात्यातल्या मावशींनी पैसे घेतले नाहीत, उलट डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला लावली.

११ जानेवारी

सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या, सुट्टीआधी तिन्ही काटे नवीन सर्व्हरवर. जुनं मशीन बाजूला चालूच. दिवसभरात एकही तक्रार नाही. अण्णांना विचारलं, काही वेगळं वाटतंय का. "काय बदललं काय?" मालकांची अट पूर्ण झाली म्हणायची.

१४ जानेवारी

कारखाना बंद. अण्णा बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर होते, गर्दीत हात केला. होम मैदानावर पोरांना पाळण्यात बसवलं. फोन बंद ठेवला होता.

१७ जानेवारी

फोन चालू ठेवला आणि सकाळीच वाजला. अण्णा कागदाच्या वहीत गाठी लिहून ठेवतात, पहिल्यापासूनची सवय. काल पॅकिंगच्या पहिल्या पाळीत ४१ गाठी. कॉम्प्युटरवर ३८.

तीन गाठी टॉवेल हवेत गेले. मालक काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

गेलेल्या तिन्ही गाठी त्या पाळीतल्या शेवटच्या. मधली एकही नाही.

१८ जानेवारी

परवा काय झालं होतं ते जुळवलं. सुट्टीनंतर पॅकिंगचा नेटवर्क स्विच कुणी चालूच केला नव्हता. अशा वेळी काट्याचा पीसी नोंदी स्वतःच्या फाइलमध्ये साठवतो, तसं त्याने केलं. पाळी संपता संपता कुणीतरी स्विच चालू केला. पीसीने जोडणी केली, ४१ नोंदी धडाधड लिहिल्या, सगळ्या राइट यशस्वी झाल्या, म्हणून फाइलमध्ये सगळ्यांपुढे "पाठवली" अशी खूण केली, आणि क्लोज.

टेबलावर तसंच घडवून आणलं. सर्व्हरला प्रत्येक नोंदीनंतर मुद्दाम थोडं झोपवलं, क्लायंटकडून पन्नास नोंदी एका दमात. कधी ४६ पोचल्या, कधी ४९, एकदा पन्नासच्या पन्नास. तारेवरची पाकिटं दाखवणारा टीसीपीडंप लावला. शेवटी क्लायंटकडून फिन, म्हणजे रीतसर निरोपाचं पाकीट, जायला हवा, तिथे आरएसटी.

मग कोडं उलगडलं. सर्व्हर पावत्या पाठवत होता. एकेक नोंद पाठवायची तेव्हा क्लायंट पावती वाचतो, पण साठलेल्या नोंदी ओततानाच्या माझ्या नवीन कोडमध्ये पावत्या वाचणं मी "नंतर बघू" म्हणून सोडलेलं. त्या पावत्या क्लायंटच्या कर्नलमध्ये न वाचलेल्या पडून. अशा अवस्थेत क्लोज म्हटलं की लिनक्स रीतसर निरोप घेत नाही, आरएसटी फेकतो आणि पाठवायच्या रांगेत जे उरलं असेल ते टाकून देतो. रांगेत उरतं कशामुळे, तर नेगलच्या नियमामुळे. आधीच्या पाकिटाची पोच आली नसेल तर पुढच्या छोट्या नोंदी तो थोपवून धरतो. शेवटच्या तीन गाठी तिथे थांबलेल्या होत्या. राइट यशस्वी याचा अर्थ कर्नलने माल ताब्यात घेतला, एवढाच. पलीकडे उतरला असा नाही.

उरलेला माल जाईपर्यंत क्लोजला थांबवणारं एसओ_लिंगर लावून पाहिलं. उपयोग शून्य. न वाचलेलं काही पडलेलं असेल तर लिंगर असूनही आरएसटीच जातो.

आणि एक भर. आरएसटी आल्यावर सर्व्हर पुढची पावती लिहायला जातो. पहिल्या लिहिण्याला चूक परत मिळते, दुसऱ्याला सिगपाइप, म्हणजे प्रोग्राम पाडणारा इशारा, आणि अख्खा सर्व्हर आडवा. तो परवा पडला नाही हे नशीब. पहिल्याच चुकीला मी त्या काट्याचा नाद सोडत होतो म्हणून वाचला. सिगपाइप दुर्लक्षित केला.

२० जानेवारी

मूळ प्रोग्राम लिहिणारे सर होटगी रोडला राहतात, आता निवृत्त. पत्ता मालकांनी दिला. जुन्या कोडचा छापील गठ्ठा घेऊन गेलो. चष्मा लावून पहिली दोन पानं वाचली आणि स्वतःशीच हसले.

निरोप_घ्याबद्दल विचारलं. म्हणाले, "तू ते काढलंस की काय?" मी मान हलवली.

"अरे, ते मी दुसऱ्या वर्षी घातलंय. पहिल्या वर्षी मीपण नुसतं टी_क्लोज करत होतो. दिवाळीच्या मालाला गाठी कमी पडल्या. आठ दिवस मी मुकादमावर संशय घेतला बघ." मुकादम म्हणजे आपले अण्णाच, तेव्हा मिसरूड फुटलेले. वही ठेवायची सवय तेव्हाची असावी, पण हे मी विचारलं नाही.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. टीएलआयमध्ये तोडण्याचे दोन मार्ग कोडमध्येच वेगळे दिसतात. टी_सेंडडिस म्हणजे ताडकन तोडणं, वाटेतला माल गेला तर गेला. टी_सेंडरेल म्हणजे "माझं बोलून झालं, तुझं चालू दे." समोरच्याला तसं कळतं, तो आपलं उरलेलं पाठवतो, मग त्याचाही टी_सेंडरेल येतो, तो आपण टी_रिसीव्हरेलने घेतो आणि तेव्हाच दार बंद. निरोपाचा हा प्रकार प्रत्येक प्रोटोकॉलला जमत नाही. टी_ओपन परत येताना सेवेचा प्रकार सांगतो, त्यात टी_कॉट्स_ऑर्ड असेल तरच जमतो. टीसीपीला जमतो.

मी म्हटलं, "सर, सॉकेटमध्ये दोन्हीला एकच क्लोज आहे."

"एकच दिसतोय. शटडाउन काय शोभेला ठेवलंय का?"

निघताना खाली उतरून गेटपर्यंत आले. गठ्ठा मात्र ठेवून घेतला.

२२ जानेवारी

दुरुस्ती. क्लायंटमध्ये सगळ्या नोंदी लिहून झाल्या की शटडाउन, फक्त लिहिण्याची बाजू. त्याने फिन जातो, वाचण्याची बाजू उघडी राहते. मग रीड शून्य परत करेपर्यंत पावत्या वाचत राहायचं. शून्य म्हणजे समोरच्याचाही निरोप. मग क्लोज. समोरचा कायमचा झोपला असेल तर दहा सेकंदांची मुदत. सर्व्हरमध्ये उलटं: शून्य वाचलं की उरलेल्या पावत्या लिहायच्या आणि मग क्लोज.

आणि "पाठवली" ही खूण राइटवर नाही, पावतीवर. मुदत संपली किंवा जोडणी तुटली तर पावती न आलेल्या नोंदी पुढच्या वेळी पुन्हा जाणार. मग एखादी दोनदा पोचू शकते, म्हणून सर्व्हर काट्याचा क्रमांक आणि नोंदीचा क्रमांक बघून दुसरी गाळतो, पावती मात्र दोन्ही वेळा देतो. नोंदीत क्रमांकाची जागा १९९८ पासून होतीच. मला ती कशासाठी आहे ते कळलं नव्हतं.

फंक्शनचं नाव निरोप_घ्या हेच ठेवलं.

पन्नास नोंदींची चाचणी दोनशे वेळा रात्रभर फिरवली. सकाळी दहा हजारच्या दहा हजार.

२७ जानेवारी

विणाईच्या शेडची वीज गेली. पीसी फिन न पाठवता गेला, अर्थात. सर्व्हरच्या लेखी जोडणी जिवंतच. समोरचा जिवंत आहे का ते बघणाऱ्या टीसीपीच्या किपअलाइव्हवर विसंबलो असतो तर मूळच्या मांडणीत दोन तासांनी पहिली चौकशी, मग पंचाहत्तर सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा. सव्वादोन तासांच्या आसपास. हाय_काने तीन मिनिटांत ओळखलं.

३ फेब्रुवारी

दहा दिवस झाले, अण्णांची वही आणि कॉम्प्युटर रोज जुळतायत. वही बंद करा असं मालक म्हणाले. अण्णांनी ऐकल्यासारखं केलं.

जुन्या मशीनची नेटवर्कची तार आज काढली. मशीन बंद करायला गेलो तर अण्णा म्हणाले, "राहू दे की दोन दिवस." ते टेबलाखाली गुरगुरत पडलंय.

उरलेलं काम: गोदामाच्या काट्याची यूएसबी-सिरियल केबल सैल आहे, नवी मागवायची. तीन गाठींच्या नोंदी हाताने चढवायच्या. वजनं अण्णांच्या वहीत आहेत.